राजकारणावरील पैजा

निवडणुकीचे दिवस जवळ आले म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडीवरून सायंकाळी फिरावयास निघालेल्या माणसास एक देखावा हमखास दिसतो. कोणा दुकानाच्या पायरीपाशी किंवा चहाच्या टपरीभोवती चारपाच मंडळी उभी असतात. कोण निवडून येणार, कोणाची अनामत जप्त होणार, याविषयी त्यांतील प्रत्येकाचे मत शेजाऱ्याच्या मतापेक्षा अधिक खात्रीचे असते. वाद पुष्कळ वेळ घाण्याच्या बैलासारखा एकाच जागी फिरत राहतो. अखेर कोणीतरी हात पुढे करतो आणि विचारतो, “लागली पैज?” या दोन शब्दांसरशी वादाचे रूप पालटते. आतापर्यंत जो गृहस्थ “वारे फिरले आहे” एवढेच सांगत होता, त्याला आता वारे कोणत्या दिशेने, किती वेगाने आणि कोणत्या तारखेपर्यंत फिरले आहे, हे सांगणे प्राप्त होते. पुष्कळदा तो हात मागे घेतो व चहा मागवतो.

‘पैज’ हा शब्द ‘प्रतिज्ञा’ या संस्कृत शब्दाचा प्राकृतातून घासत घासत आलेला वंशज आहे. म्हणजे मूळ कल्पना पैशाची नव्हे, दिलेल्या शब्दाची. द्रव्य त्या शब्दाला मागाहून चिकटले. ही व्युत्पत्ती ध्यानात ठेवणे इष्ट आहे; कारण राजकारणावरील पैजेत चांगले काय आणि वाईट काय, याचा उलगडा पुष्कळसा तिच्यातच आहे.

चांगले काय, ते आधी पाहू. साधारण वादविवादात हरण्याची सोय नसते. “सुप्त लाट आहे” असे म्हणणारास निकालानंतर कोणीही खोटे पाडू शकत नाही. लाट दिसली तर त्याचे म्हणणे खरे ठरते, आणि न दिसली तर ती सुप्तच होती! “काहीही होऊ शकते” हे विधान तर वेदवाक्याहूनही अभेद्य. वृत्तपत्रांचे रकाने, ध्वनिचित्रवाणीवरील चर्चा आणि घरोघरच्या बैठकी अशा विधानांनी भरलेल्या असतात व ती करणारास त्यांचा हिशेब कधीही द्यावा लागत नाही. पैजेला असला गुळमुळीतपणा चालत नाही. कोणता मतदारसंघ, कोणता उमेदवार, जय की पराजय, आणि निर्णय कोणत्या दिवशी, एवढे ठरल्यावाचून ती लागतच नाही. या दृष्टीने पाहता पैज ही वादाची व्याकरणशुद्ध वाक्यरचना होय.

ही व्याकरणशुद्धता कोणत्या थरास जाते, याचे उदाहरण २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सांगली जिल्ह्यात घडले. मिरज तालुक्यातील दोन प्रतिस्पर्धी समर्थकांनी सांगलीच्या जागेवर एक लाख रुपयांची पैज लावली आणि ती चक्क मुद्रांकावर लिहून काढली. जमिनीच्या खरेदीखतासारखाच हा व्यवहार त्यांना वाटला असावा. तो कागद पोलिसांच्या हाती पडला व दोघांवर जुगाराचा गुन्हा नोंदविला गेला. पाच वर्षांनी, २०२४ साली, त्याच मतदारसंघाच्या निकालावर कवठेमहांकाळ तालुक्यातील दोन तरुणांनी आपापल्या मोटारसायकली पणास लावल्या; तेथेही पोलिसांनीच अखेरचा डाव टाकला. पहिल्या प्रसंगातील मंडळींनी मुद्रांकाचा खर्च तरी वाचवावयास हवा होता. कारण असला करार लिहिला काय आणि न लिहिला काय, न्यायालयाच्या दृष्टीने त्याची किंमत सारखीच.

ती तशी का, याची हकीकत मनोरंजक आहे आणि तिचा उगम मुंबईतच आहे. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात कलकत्त्यास सरकारी अफूचा लिलाव होत असे आणि त्या लिलावात सरासरी काय भाव येईल यावर मुंबईचे व्यापारी होडी लावीत. अशाच एका होडीचा, रामलाल ठाकुरसीदास यांचा, दावा थेट इंग्लंडात प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८४८ साली तेथील न्यायाधीशांनी, काहीशा नाखुशीनेच, असा निर्णय दिला की इंग्लंडच्या पुरातन कायद्याप्रमाणे पैज हा करारच आहे आणि हरलेल्याने पैसे दिले पाहिजेत. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने एकविसावा कायदा करून ही वाट बुजविली. पुढे १८७२ च्या करारविषयक कायद्याच्या तिसाव्या कलमात पैजेचा करार रद्दबातल ठरविण्यात आला. मात्र घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये व त्यावरील बक्षिसाची वर्गणी तेवढी वगळली गेली. साहेबाला घोडा प्रिय असतो, हे सांगावयास नकोच. मुंबई इलाख्याने १८६५ च्या आपल्या कायद्याने त्याही पुढे जाऊन पैजेला साह्य करणारे जोडकरारही निष्फळ ठरविले होते.

१८८७ चा मुंबईचा जुगारबंदीचा कायदा वाचला तर त्या काळच्या माणसांनी कशाकशावर पैसे लावले याचा जणू पंचनामाच हाती येतो. कापसाचा भाव, अफूचा भाव, त्या भावातील आकडे, समभागांची किंमत आणि शेवटी पाऊस! पाऊस पडेल की नाही आणि पडला तर किती, यावर पैसे लावण्याची जागा म्हणजे जुगाराचा अड्डा, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहावे लागले. ज्या आकड्यांच्या नादाने पुढे ‘मटका’ या नावाने शेकडो घरे धुळीस मिळविली, तो आकडाही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावातूनच निघालेला. मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी होती. तो प्रदेश निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथे संस्थानचे कायदे चालत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबादसह तो मुंबई राज्यात आला आणि मग मुंबईचा कायदाही तेथे येऊन पोहोचला.

आपल्या प्राचीन स्मृतिकारांनी या विषयाचा बारकाईने विचार केला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. निर्जीव वस्तूंनी खेळावयाचे ते ‘द्यूत’ आणि प्राण्यांच्या झुंजीवर पण लावावयाचा तो ‘समाह्वय’, असा भेद मनूने केला आणि राजाने दोन्ही बंद करावीत असे सांगितले. कौटिल्य अधिक व्यवहारी निघाला. त्याने द्यूताध्यक्ष नेमून जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच सरकारजमा करण्याची व्यवस्था लावली. निवडणुकीचे उमेदवार हे निर्जीव वस्तूंत मोडतात की प्राण्यांत, म्हणजे निवडणुकीवरील पैजेस द्यूत म्हणावे की समाह्वय, हा प्रश्न मीमांसकांवर सोपविणे बरे.

येथपर्यंत पैज आणि पाऊस, पैज आणि कापूस, यांचा विचार झाला. परंतु राजकारणावरील पैजेत एक दोष असा आहे की जो पावसावरील पैजेत मुळीच नाही. कोणी कितीही रुपये लावले तरी ढगास त्याची वार्ता नसते. मतदाराचे तसे नाही. येथे पैज लावणाराच ढग असतो. १७८५ साली इंग्लंडात दोन मतदारांनी निवडणुकीच्या निकालावर आपसात पैज लावली आणि प्रकरण न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांच्यापुढे आले. त्या काळी सामान्यतः पैजा वसूल होत असत, तरी ही पैज न्यायालयाने मोडून काढली. ज्याने एका उमेदवारावर पैसे लावले त्याचे मत स्वतंत्र राहिले नाही, हे त्या निर्णयाचे मर्म. किंबहुना एखाद्या मतदारापाशी जाऊन “तुमचा उमेदवार निवडून आला तर हजार रुपये हरेन” असे म्हणणे म्हणजे लाच देण्याचीच सभ्य पद्धत होय. कारण तो मतदार आता हजार रुपयांकरिता मत देणार आणि देणारा मात्र पैज हरलो म्हणून कपाळावर हात मारणार.

याहूनही चमत्कारिक प्रसंग नेपोलियनच्या संबंधाने घडला. १८०२ साली सर मार्क साइक्स या उमरावाच्या घरी भोजनाचा समारंभ होता. नेपोलियनचा खून होण्याचा संभव किती, यावर जेवताना चर्चा सुरू झाली. चर्चेच्या भरात यजमानाने अशी तयारी दाखविली की जो कोणी आपणास आज शंभर गिनी देईल त्यास नेपोलियन जिवंत असेतोवर रोज एक गिनी आपण देऊ. पंक्तीस गिल्बर्ट नावाचे एक धर्मोपदेशक होते. त्यांनी हे तत्काळ मान्य केले. नेपोलियन काही मरेना. शंभर दिवसांत धर्मोपदेशकाचे मुद्दल वसूल झाले; पुढे अडीच वर्षेपर्यंत यजमान रोजची गिनी भरीत राहिला आणि अखेरीस कंटाळून थांबला. दावा १८१२ साली निकालात निघाला, तोही धर्मोपदेशकाच्या विरुद्ध. या पैजेने दोघांचीही देशभक्ती बिघडविली होती, हे न्यायालयाच्या ध्यानात आले. नेपोलियन उद्या सैन्य घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरला असता तर रोजच्या गिनीकरिता त्याच्या दीर्घायुष्याची चिंता वाहणे धर्मोपदेशकास भाग होते. आणि यजमानाच्या मनात शत्रूच्या खुनाची इच्छा रोज सकाळी एक गिनी मोजताना जागी होत असणार. एक शब्दही न बोलता, एक पाऊलही न उचलता, केवळ पैजेमुळे माणसाचे इष्ट आणि अनिष्ट बदलून जाते. पोप ग्रेगरी चौदावे यांनी १५९१ साली पोपची निवडणूक आणि पोपच्या कारकीर्दीची लांबी यांवर पैज लावणारास धर्मबहिष्काराची शिक्षा फर्माविली, ती याच भीतीने असावी.

आता सट्टेबाजारातील ‘भाव’ म्हणजे काय, ते त्रैराशिकाने पाहू. कारण निवडणुकीच्या काळात राजस्थानातील फलोदीच्या बाजाराचा भाव वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येतो आणि तो वाचणाऱ्या सुशिक्षित घरांतही त्याचा अर्थ क्वचितच कोणास ठाऊक असतो. एखाद्या उमेदवाराचा भाव ४० पैसे आहे, याचा अर्थ त्याच्यावर एक रुपया लावणारास तो जिंकल्यास आपला रुपया व वर ४० पैसे मिळावयाचे, आणि हरल्यास रुपया जावयाचा. अशा सात डावांत पाच वेळा जिंकले तर दोन रुपयांची प्राप्ती, दोन वेळा हरले तर दोन रुपयांची खोट. हिशेब बरोबर मिटतो. म्हणजे ४० पैसे भाव हा ‘सातांत पाच’ संभवाचा भाव झाला. भाव जितका कमी, तितका संभव अधिक. आता दोघेच उमेदवार असून दोघांचाही भाव ८० पैसे असेल तर काय? त्याच रीतीने प्रत्येकाचा संभव ‘नवांत पाच’ येतो. दोघांचे मिळून नवांत दहा! नवात दहा मावत नाहीत, हे तिसरीतील मूलही सांगेल. तो जो एक जास्तीचा, तो भाव काढणाराच्या खिशात जातो. लावणारे जिंकोत की हरोत, त्याचे घर मात्र नियमितपणे चालते.

असे असूनही बाजाराच्या भावात काही एक शहाणपण असते, हे मान्य करणे न्यायाचे होईल. अमेरिकेत १८८४ पासून १९४० पर्यंत न्यूयॉर्कच्या रोखेबाजाराच्या आसपास अध्यक्षाच्या निवडणुकीवर उघड व मोठ्या प्रमाणावर पैसे लावले जात. वृत्तपत्रे ते भाव रोज छापीत. मतदानाच्या महिनाभर आधी ज्याचे पारडे स्पष्टपणे जड दिसे तोच बहुतेक वेळा निवडून आला. १९१६ साली मात्र विल्सन यांनी बाजाराचा अंदाज खोटा पाडला. शास्त्रीय मतचाचण्या अद्याप जन्मल्या नव्हत्या, त्या काळात हे यश लहान नव्हे. १९८८ पासून आयोवा विद्यापीठाने अभ्यासाकरिता असाच एक छोटा बाजार चालविला आणि त्यात कोणासही पाचशे डॉलरांहून अधिक रक्कम गुंतवू दिली नाही. ज्याला खरी माहिती आहे तो पैसे लावतो, ज्याला नाही तो वचकून राहतो, आणि त्यामुळे भावात माहिती साठते, हा त्यामागील विचार.

परंतु हा विचार जेथे सर्वजण एकच बातमी ऐकून पैसे लावतात तेथे लंगडा पडतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मतदान संपताच जाहीर झालेल्या चाचण्यांपैकी बहुतेकींनी सत्तारूढ आघाडीस साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या. ३ जून रोजी मुंबईच्या शेअरबाजाराचा निर्देशांक सुमारे अडीच हजार अंशांनी चढला. दुसऱ्या दिवशी मतमोजणीत आघाडीस २९३ आणि तिच्यातील प्रमुख पक्षास २४० जागा मिळाल्या. निर्देशांक एका दिवसात सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. ज्यांनी आदल्या दिवशी विकत घेतले त्यांत राजकारणाचे जाणकार थोडे नव्हते. चाचणीने बाजारास फसविले व बाजाराच्या चढतीने चाचणीवरील विश्वास वाढविला. दोघे एकमेकांची साक्ष काढीत राहिले.

भ्रमणध्वनीच्या पडद्याने या व्यवहारास आणखी एक वळण दिले. अमुक घडेल की नाही, ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या किमती मिळून दहा रुपये, आणि बोटाच्या एका स्पर्शाने खरेदी, असे खेळ काही वर्षे उघडपणे चालले. त्यांस जुगार न म्हणता ‘मतांचा व्यापार’ म्हणण्यात येई. नाव सुसंस्कृत दिसल्यामुळे जी मुले मटक्याच्या टपरीकडे वळूनही पाहिली नसती ती अभ्यासाच्या मेजावर बसून हा व्यापार करू लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाईन खेळांसंबंधीचा कायदा संमत करून पैशाने खेळावयाचे असे सर्व खेळ मना केले. ते पुरविणारास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड ठेवला आहे. खेळणारास मात्र शिक्षा ठेवलेली नाही, त्यास फसलेला समजून सोडले आहे.

आता या शहराच्या स्वतःच्या मतपेटीकडे वळावे. शहराचे नाव बदलले तरी लोकसभेच्या मतदारसंघाचे नाव २०२४ च्या निवडणुकीतही ‘औरंगाबाद’ असेच होते. आणि हा मतदारसंघ भाकितकारांचा जुना वैरी आहे. १९८४ साली इंदिरा गांधी यांच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची अशी लाट आली की महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा तिने नेल्या. त्या लाटेतही औरंगाबादने समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर यांस निवडून दिले. पुढे चंद्रकांत खैरे १९९९ पासून सलग चार वेळा विजयी झाले. मग २०१९ ची निवडणूक आली. चार प्रमुख उमेदवारांत सुमारे बारा लाख मते विभागली गेली. इम्तियाज जलील यांस ३,८९,०४२ आणि खैरे यांस ३,८४,५५० मते पडली. अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी पावणेतीन लाखांहून अधिक मते घेतली. अंतर ४,४९२ मतांचे. म्हणजे दर हजार मतदारांमागे चारांचाही फरक नाही.

येथे थांबून विचार करण्यासारखे आहे. निकालाच्या दिवशी सायंकाळी गुलमंडीवर जो पैज जिंकला तो शहाणा ठरला आणि हरला तो मूर्ख. परंतु अडीच हजारांहूनही कमी मतदारांनी, म्हणजे एखाद्या मोठ्या वसाहतीने, आपले मत इकडचे तिकडे केले असते तर शहाणा आणि मूर्ख यांची अदलाबदल झाली असती! ज्याने ‘खैरे नक्की’ म्हटले आणि ज्याने ‘जलील नक्की’ म्हटले, ते दोघेही सारखेच चुकले. कारण नक्की असे काहीच नव्हते. “दोघांचाही संभव जवळजवळ सारखा, आणि अपक्षाची मते निर्णायक” असे कोणी म्हटले असेल तर तोच खरा जाणकार. त्याच्याशी पैज लावावयास मात्र कोणीही आले नसते. २०२४ साली तीच जागा संदिपान भुमरे यांनी १,३४,६५० मतांनी जिंकली. तेथे आधीच ठामपणे बोलणारास शाबासकी देणे योग्य. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगाबाद पूर्व विधानसभा मतदारसंघात अतुल सावे यांनी जलील यांच्यावर अवघ्या २,१६१ मतांनी मात केली. तेथे ठामपणा पुन्हा संशयास्पद. एकाच निकालाने कोणाच्याही बुद्धीची परीक्षा होत नाही. ‘दहांत सात’ असे म्हणणाऱ्याची दहापंधरा भाकिते ओळीने मांडून त्यांतील सुमारे सात दशांश खरी झाली काय, हे पाहिल्यावाचून त्याचे गुण देता येत नाहीत.

अशी मांडणी कोणी केली आहे काय? होय, फिलिप टेटलॉक या अमेरिकी अभ्यासकाने २८४ राजकीय तज्ज्ञांकडून सुमारे वीस वर्षे हजारो भाकिते लिहून घेतली, त्यांच्या पुढे संभवाचे आकडे मांडविले आणि मग घटना घडून जाईपर्यंत तो थांबला. २००५ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. तज्ज्ञांचे अंदाज साध्यासुध्या ठोकताळ्यांहून फारसे वरचढ ठरले नाहीत, आणि ज्यांची नावे वृत्तपत्रांत वारंवार झळकत ते तर अधिकच घसरले. सर्व कुलपांना एकच किल्ली लावणाऱ्यांची फजिती झाली. ज्यांना शंका बाळगण्याची आणि मत बदलण्याची सवय होती ते थोडेफार बरे निघाले. मौजेची बाब ही की यांतील कोणीही एक पैसा लावलेला नव्हता. शब्द लिहून दिला, एवढेच पुरे झाले.

याच शहरात एके काळी राजकारणावर बोलणे हीच मोठी जोखीम होती. १९२९ साली निजाम सरकारने ‘गश्ती निशाण ५३’ काढले आणि पूर्वपरवानगीवाचून राजकीय सभा भरविणे अशक्य केले. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक सुरू केले ते पुण्याहून. संस्थानाने त्यास बंदी केली की ते दुसऱ्या नावाने निघे, त्या नावासही बंदी झाली की तिसऱ्या. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. मनाई झाली, संप झाला, तो हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत पसरला आणि शेकडो मुलांची नावे पटावरून कमी झाली. गोविंदभाई श्रॉफ यांनी सरकारी शाळेतील आपली नोकरी सोडली, तेही याच वर्षी. नागपूर विद्यापीठाने त्या मुलांना पुढे दार उघडले. परंतु वसतिगृह सोडून निघताना ते उघडेल हे त्यांतील कोणास ठाऊक होते? संस्थान कधी विलीन होईल याचा भाव तेव्हा कोणत्याही बाजारात फुटला नव्हता. दहा वर्षे जावयाची होती. त्या मुलांनी आपले शिक्षण पणास लावले. ‘पैज’ या शब्दाचा जो मूळ अर्थ, तो असा.

दुसरी बाजूही याच गावाने पाहिली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यातील कित्येक खेड्यांत दलितांची घरे जळाली. नामविस्तार होण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या साडेपंधरा वर्षांत शहराच्या सुखवस्तू बैठकांतून “होईल की नाही” यावर चहाच्या पेल्यांची होड लावणारे लोक नसतीलच, असे कोण म्हणेल? खेड्यात ज्याचे छप्पर गेले त्याच्या दृष्टीने तो प्रश्न संभवाचा नव्हता. एकाच घटनेकडे एक जण खेळ म्हणून पाहतो आणि दुसऱ्याचा तीत संसार असतो, हे राजकारणावर पैज लावताना विसरले जाते. क्रिकेटच्या सामन्यात ही अडचण नाही.

म्हणून घराघरांतील वाद बंद व्हावेत, असे मुळीच नाही. उलट मुलांना पैजेतील तेवढा गुण उचलावयास शिकविता येईल. निवडणूक जाहीर झाली की घरातील प्रत्येकाने आपले भाकीत एका वहीत तारखेसह लिहावे. ‘नक्की’ हा शब्द वर्ज्य. त्याऐवजी दहांत किती, ते लिहावे आणि मत बदलल्यास आधीचे न खोडता खाली नवे लिहावे. आजोबांचे भाकीत नातीच्या भाकितापेक्षा कच्चे निघाले तर जेवताना थोडी गंमत होईल, इतकेच. चारसहा निवडणुकांनी ती वही वाचण्याजोगी होते. तीत पैशाचा रकाना आखण्याचे कारण नाही.

मात्र अशा वहीतही एक उणीव राहते. पैज काय किंवा भाकीत काय, ज्या प्रश्नाला निकालाचा दिवस आहे त्याच्याचभोवती दोन्ही घोटाळतात. आणि नागरिकाच्या संसाराशी ज्यांचा निकटचा संबंध, त्या प्रश्नांना निकालाचा दिवस नसतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पाया लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली घातला गेला व १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या अथांग जलाशयापासून हे शहर पन्नासएक किलोमीटरांवर आहे, आणि तरी शहराच्या कित्येक वस्त्यांत नळाला आठवड्यातून एकदा पाणी येण्याची सवय लोकांनी वर्षानुवर्षे लावून घेतली. २०१९ साली १,६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली. १२ डिसेंबर २०२० रोजी तिचे भूमिपूजन झाले. पुढे ती रक्कम २,७४० कोटींवर गेली आणि मुदती एकामागून एक पुढे सरकल्या. या काळात शहरात लोकसभेची, विधानसभेची निवडणूक झाली आणि दर वेळी कोण जिंकणार यावर हात पुढे झाले. अमुक वस्तीत अमुक तारखेस रोज पाणी येऊ लागेल, यावर मात्र पैज लावावयास गुलमंडीवरचा निष्णात सटोडियाही तयार झाला नसता, आणि तशी तारीख स्वतःच्या सहीने लिहून देणारा उमेदवारही कोणास आढळला नाही.